सोमवारची चिठ्ठी

इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं, आणि त्या धुलाईघरात एक बाई कामाला होती. तिचं खरं नाव रोज सकाळी हजेरीच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं, पण ते कोणाच्या तोंडी नव्हतं. सगळे तिला हळूबाई म्हणायचे. कोणी जरा आवाज चढवून बोललं की ती आजूबाजूला बघायची आणि म्हणायची, "हळू बोला हो, हळू." मग बोलणं वर ऑफिसात बसणाऱ्या साहेबांबद्दल चाललेलं असो की कोणाच्या दुखऱ्या दाढेबद्दल.

भित्री म्हणून कोणी चिडवलं तर तिला राग येत नसे. खोटं काय होतं त्यात? लिफ्ट मध्येच थांबली की ती देवाचं नाव घ्यायची. मागून कोणी हाक मारली की दचकायची. जिन्यात साहेबांच्या बुटांचा आवाज आला की हातातली चादर हातातच राहायची.

तिचं काम निवडानिवडीचं. वरच्या सगळ्या वॉर्डांतून मळक्या कपड्यांच्या पिशव्या खाली यायच्या. लांबलचक टेबलावर पिशवी उपडी करायची आणि चादरी, अभ्रे, रोग्यांचे झगे, ऑपरेशनची हिरवी कापडं वेगवेगळी काढायची. पुढे मशिनवाले ती उचलून न्यायचे. वासाची सवय होते, डागांचीही होते. सवय होत नव्हती ती सुयांची. वर घाईगर्दीत टोचून झालेली सुई कधी चादरीच्या घडीत राहून जायची, कधी झग्याच्या खिशात. हातमोजे असे पातळ की घातले काय नि न घातले काय. सुई टोचली की रक्त तपासायचं आणि मग तीन महिने थांबायचं, पुन्हा तपासायचं. ते तीन महिने कसे जातात हे ज्याने काढले त्यालाच ठाऊक. हळूबाईने दोनदा काढले होते. दोन्ही वेळा तिने घरात आपलं ताट, पेला, पंचा वेगळा ठेवला होता. नवरा म्हणायचा, "अगं, असं काही पसरत नसतं." तरी ठेवला होता.

धुलाईघरात माणसं एकतीस. दर दोन वर्षांनी कँटीनमध्ये एक पेटी ठेवली जायची, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, आणि कामगारांचा प्रतिनिधी निवडला जायचा. समोर कोणीही उभं राहो, गेली दहा वर्षं एकच माणूस निवडून येत होता. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर काम करणारा, गोड बोलणारा. जाड हातमोजे कधी मिळतील असं विचारलं की तो म्हणायचा, "बघतो." वॉर्डात सुया मोजून का घेत नाहीत? "बघतो." त्याचं नावच बघतोदादा पडलं होतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला सोडून परस्पर वर जायची सोय नव्हती. चार वर्षांपूर्वी एक म्हातारी मावशी टोचलेलं बोट घेऊन थेट साहेबांकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिचं नाव नव्हतं. कोणी काही बोललं नाही. मावशी थोडा वेळ फळ्यासमोर उभी राहिली, डबा काखेत धरून, आणि निघून गेली. हळूबाई तेव्हापासून रोज सकाळी फळा खालून वर वाचायची, कारण तिचं नाव खाली असायचं.

निवडणुकीला तीन आठवडे होते तेव्हा टेबलावर तिच्या शेजारी काम करणाऱ्या पोरीला सुई टोचली. पोरीला चौथा महिना होता. ती रडली नाही की ओरडली नाही. बोट वर धरून खाली फरशीवर बसली आणि बोटाकडे बघत राहिली. बघतोदादा धावत आला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "निवडणूक होऊ दे गं, मग बघतो."

त्या दुपारी कपडे बदलायच्या खोलीत हळूबाईच्या थोरल्या जावेने दार लावून घेतलं.

जाऊबाई मशिनवर होत्या. दोघी एकाच इमारतीत राहायच्या, जाऊबाई वरच्या मजल्यावर, ही खालच्या. वीस वर्षं दोघी एकत्र कामाला येत होत्या आणि बोलण्याचं काम वीस वर्षं जाऊबाईच करत होत्या.

"मी यंदा मत देणार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "दहा वर्षं दिलं. आता दुसरं काहीतरी करायचं. निघतील त्या सुया डब्यात साठवायच्या. दर सोमवारी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने डबा घेऊन वर जायचं, साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, आणि दोनच वाक्यं बोलायची. या आठवड्यात एवढ्या निघाल्या. जाड हातमोजे द्या आणि वॉर्डात सुया मोजून घ्या. बस."

"आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नाव नसलं तर?" कोणीतरी विचारलं.

"तर कोणीच अ‍ॅप्रन घालायचा नाही."

"पण चिठ्ठ्या कशाला? तुम्हीच जा की. तुम्हाला बोलता येतं," फाटक्या चादरी शिवणारी बाई म्हणाली. तिला सगळे शिवणवाली म्हणायचे.

"प्रतिनिधी एक असला की त्याला वर बोलावून चहा पाजता येतो. नाहीतर हाकलता येतं. एकतीस जणांना कोण चहा पाजत बसणार?"

बायका हसल्या. हळूबाई हसली नाही. ती चारचौघांत कधी बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली, कारण गप्प बसण्याची भीती जास्त होती.

"जाऊबाई, मत देताना कोणी बघत नाही," ती म्हणाली. "पुठ्ठ्यामागे मी एकटी असते. तिथे मला भीती वाटत नाही. माझ्यासारखीला तेवढी एकच जागा आहे. चिठ्ठी निघाली तर तोंड दाखवावं लागेल."

"आणि पुठ्ठ्यामागे दहा वर्षं उभं राहून तुला काय मिळालं?"

"बघतो," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

बॉयलरवाले काका दाराशी उभे होते. ते म्हणाले, "भांडता कशाला? दोन्ही करा. मत द्यायला दीड मिनिट लागतं."

"दीड मिनिटच लागतं काका. पण मग माणूस दोन वर्षं निवांत बसतो. आपण आपलं काम केलं असं वाटतं ना."

काकांनी मान हलवली, पण पटल्याची की नाही ते कळलं नाही. शेवटी हात वर करून ठरलं. हळूबाईचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, आणि तोही कोपरापर्यंतच.

पहिल्या सोमवारी शिवणवालीची चिठ्ठी निघाली. ती गेली आणि पाच मिनिटांत परत आली. साहेबांनी डबा बघितला, "ठेवा," म्हणाले, इतकंच. मंगळवारी तिचं नाव फळ्यावर होतं. दुसऱ्या सोमवारी काका गेले. साहेबांनी त्यांना विचारलं की हा काय प्रकार आहे, आणि काकांनी कानावर हात ठेवून ऐकूच आलं नाही असं दाखवलं. बॉयलरजवळ राहून त्यांचे कान खरंच थोडे गेले होते. त्यांचंही नाव फळ्यावर राहिलं. लोकांना जरा जोर आला. हळूबाई मात्र मनात धरून होती, एकतीस चिठ्ठ्यांत दर सोमवारी आपलीही असते.

तिसऱ्या सोमवारी तिची निघाली.

शिवणवालीने नाव वाचलं आणि सगळ्यांनी हळूबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "मला बरं नाही," आणि ते खरंच होतं, त्या घटकेपासून तिला बरं नव्हतं. जाऊबाईंनी डबा तिच्या हातात दिला. पत्र्याचा, बिस्किटांचा. "दोनच वाक्यं," त्या म्हणाल्या. "पाठ आहेत ना?"

जिन्याच्या वळणावर बघतोदादा उभा होता. त्याने वाट अडवली नाही. बाजूला सरून, अगदी घरच्यासारखा म्हणाला, "ताई, परवा निवडणूक आहे. दोन दिवस कळ काढा. तुम्ही साधं माणूस. तुमच्या जावेच्या नादाने त्या मावशीसारखं व्हायचं एखाद्या दिवशी. मला वाईट वाटेल हो." आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्यासारखं होतं. त्याने ती जास्तच घाबरली.

साहेबांच्या खोलीत गालिचा नव्हता, गुळगुळीत फरशी होती. साहेब टेबलामागे काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बसा ना." ती बसली नाही. तोंड उघडलं, पण पहिलं वाक्य बाहेर येईना. डबा टेबलावर ठेवायला ती पुढे झाली आणि हात असा थरथरला की डबा टेबलाच्या कडेवर आपटला, झाकण उडालं आणि सुया सगळ्या खोलीभर फरशीवर पसरल्या.

साहेबांनी टेबलाखाली बूट काढून ठेवले होते. नुसत्या मोज्यांवर होते. त्यांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीवर घेतले. एवढा मोठा माणूस, खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसला.

"पाय खाली टेकवू नका साहेब," हळूबाई म्हणाली. "बुटांतसुद्धा घालू नका, आत गेलेली असेल."

ती गुडघ्यांवर बसली आणि वेचायला लागली. वेचण्यात तिचा हात बसलेला होता. एकेक सुई मागच्या बाजूने उचलायची, टोक आपल्याकडे वळू द्यायचं नाही. तिने बूट उपडे करून झटकले. एकातून खरंच एक निघाली.

"एवढ्या सगळ्या एका आठवड्यातल्या?" साहेबांनी विचारलं.

"त्रेचाळीस. सहाव्या वॉर्डातून जास्त येतात. रात्रपाळीच्या पिशव्यांतून." ती खाली बघूनच बोलत होती. "चौथा महिना आहे एकीला, तिलाही टोचली. हातमोजे जाड हवेत. आणि वरच सुया मोजून घेतल्या तर खाली येणारच नाहीत."

दोन वाक्यांची कितीतरी वाक्यं झाली होती. ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिने डब्याचं झाकण दाबून लावलं. तोवर सुया वेचून झाल्या होत्या. साहेबांनी पाय खाली घेतले, बूट घातले, नाड्या बांधल्या. नाड्या बांधून होईपर्यंत त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"तुमचा प्रतिनिधी आहे. परवा मतदान आहे. असं असताना दर सोमवारी एकेकजण वर येतो, हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"चिठ्ठी निघाली साहेब."

"ते कळलं. चिठ्ठ्यांची कल्पना कोणाची?"

"सगळ्यांची."

"सगळ्यांचं मिळून एक डोकं नसतं बाई." त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं. "नाव सांगा, म्हणजे तुमचं लिहावं लागणार नाही."

पेनचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. हळूबाईला ते टोक तेवढं दिसत होतं, बाकी खोली दिसेनाशी झाली होती. तिला फळा आठवला, मावशीच्या काखेतला डबा आठवला. आणि तिने नाव सांगितलं. जाऊबाईंचं, लग्नाआधीच्या नावासकट, जे फळ्यावरही नव्हतं. इतकं कोणी विचारलंही नव्हतं.

खाली आल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. "काय म्हणाले?" जाऊबाईंनी विचारलं.

"ठेवा म्हणाले," हळूबाई म्हणाली.

"एवढा वेळ?"

"सुया सांडल्या होत्या. वेचत होते."

त्यावर लोक पोट धरून हसले, जाऊबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या थापेने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, सुटल्याचं आलं.

संध्याकाळी जाऊबाई वरून एका भांड्यात सार घेऊन आल्या. भित्री जाऊ वर जाऊन आली याचं त्यांना कौतुक होतं. हळूबाईने भांडं घेतलं. ओठांपर्यंत आलेलं खरं तिने गिळलं. नवरा शाळेत शिपाई होता, सरळ माणूस. त्याने विचारलं, "तुझी नोकरी शाबूत आहे ना?" ती म्हणाली, "हो." "मग झालं तर. परवा मत टाक आणि गप्प राहा." तिला रात्रभर झोप लागली नाही. उद्या सकाळी फळा रिकामा असावा, खडू संपलेला असावा, इस्पितळच बंद असावं, असं काहीबाही ती मनात आणत राहिली.

मंगळवारी फळ्यावर तीस नावं होती. हळूबाईचं सगळ्यांत खाली होतं. जाऊबाईंचं नव्हतं.

एकतीस माणसं फळ्यासमोर उभी होती आणि मशिनं बंद होती. तळघर इतकं शांत तिने कधी ऐकलं नव्हतं. बघतोदादा पुढे आला. "अ‍ॅप्रन घाला बघू. वर कापडं थांबलीत, रोगी थांबलेत. उद्या मतदान झालं की मी स्वतः हे प्रकरण—"

"बघतो," कोणीतरी म्हणालं. पण या वेळी कोणी हसलं नाही. एकाने खुंटीवरचा अ‍ॅप्रन काढला. मग दुसऱ्याने. ठरलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं, तरी हात खुंटीकडे जात होते. हळूबाईला त्यांचा राग आला नाही. ते हात तिला ओळखीचे वाटले.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, आणि या वेळी तिचा आवाज तिलाच नको इतका मोठा आला. "साहेबांनी विचारलं, आणि मी जाऊबाईंचं नाव सांगितलं. मला भीती वाटली म्हणून."

जाऊबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. शेजारच्या घरातून भलताच आवाज आल्यावर माणूस बघतो, तसं त्या बघत होत्या. हळूबाईला वाटलं, आता सगळे आपल्या अंगावर येतील. पाय लटपटत होते, म्हणून ती तिथेच, फळ्याखाली, फरशीवर बसली. अ‍ॅप्रन तिने घातला नाही. ते धैर्य होतं असं तिला तेव्हाही वाटलं नाही आणि नंतरही. उठता येत नव्हतं, एवढंच.

मग ती पोटुशी पोरगी तिच्यापासून दोन हात सोडून बसली. मग शिवणवाली. काकांनी बॉयलरची झडप बंद केली आणि ते पायरीवर टेकले. अकरा जणांनी अ‍ॅप्रन घातले आणि कामाला गेले, बघतोदादा त्यांत होता. वीस जण बसून राहिले. अकरा जणांना एवढं काम उरकणं शक्य नव्हतं. दहाला वरून पहिला फोन आला. साडेअकराला दुसरा. ऑपरेशनच्या खोलीत हिरवी कापडं संपली तेव्हा दुपार व्हायची होती. मध्ये कोणीतरी म्हणालं की पोलीस येणार आहेत, आणि हळूबाई भिंतीला टेकून तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून बसली. पोलीस आले नाहीत. साहेब आले. जिन्यात बुटांचा आवाज आला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा साहेबांच्या हातात खडू होता आणि फळ्यावर एकतीस नावं होती. ते कोणाशी बोलले नाहीत. जाताना फरशीकडे बघत, जपून पावलं टाकत गेले.

बुधवारी मतदान झालं. जाऊबाई कँटीनच्या दारातून आत आल्याच नाहीत. बसलेल्या विसांपैकी निम्म्यांनी मत दिलं, निम्म्यांनी नाही. काका देऊन आले आणि म्हणाले, "दीड मिनिट." हळूबाई पुठ्ठ्यामागे गेली. तिथे पूर्वीसारखीच शांतता होती, कोणी बघत नव्हतं. तरी तिने दोनदा मागे वळून बघितलं. आता तिला कोणी बघत नसण्याचीही खात्री वाटत नव्हती. बाहेरचा कारकून दोनदा म्हणाला, "झालं का बाई?" मत कोणाला दिलं ते तिचं तिलाच ठाऊक. बघतोदादा चार मतांनी निवडून आला.

महिन्याभराने जाड हातमोजे आले, पण फक्त टेबलावरच्या आठ जणांना, आणि त्यांतले दोन जोड डाव्या हाताचेच. सहाव्या वॉर्डात सुया मोजायला लागले म्हणे. डब्यात कधी नऊ निघायच्या, कधी चौदा. पोरीचं रक्त पहिल्या तपासणीत चांगलं आलं होतं. दुसरी अजून व्हायची होती.

जाऊबाई तिच्याशी बोलत नव्हत्या. कामाला दोघी एकाच वाटेने जायच्या, वीस पावलांच्या अंतराने. साराचं भांडं हळूबाईने घासून वरच्या दाराशी ठेवलं, ते त्यांनी उचलून घेतलं, बस तेवढंच.

सोमवारच्या चिठ्ठ्या चालू राहिल्या. एका सोमवारी, चिठ्ठ्या घडी करून त्यांच्या वेगळ्या डब्यात टाकत असताना, हळूबाई शिवणवालीला म्हणाली, "माझी काढून टाका. माझ्यावर कोणी भरवसा ठेवू नये. मी पुन्हा सांगेन."

शिवणवालीला दया आली. "बरं," ती म्हणाली, आणि तिने ती चिठ्ठी शोधून बाजूला ठेवली. कोणी हरकत घेतली नाही. बऱ्याच जणांच्या मनात तेच असावं.

जाऊबाई मशिनकडे निघाल्या होत्या. त्या परत फिरल्या, बाजूला पडलेली चिठ्ठी त्यांनी उचलली, तिची घडी पुन्हा नीट दाबली आणि डब्यात टाकली.

"तिची राहू दे," त्या शिवणवालीला म्हणाल्या. हळूबाईकडे त्यांनी बघितलं नाही.

ही माफी की शिक्षा, ते हळूबाईला कळेना, आणि विचारायची छाती तिला होईना. शिवणवालीने डबा हलवला. आतल्या चिठ्ठ्या सळसळल्या, आणि हळूबाईने टेबलाची कड घट्ट धरली.